नौकेवरून पवनचक्कीवर : समुद्रातील सुरक्षित चढउतारीचा विचार

१

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून आगबोटीने कोकणात जाणाऱ्या उतारूला सर्वांत अवघड वाटणारा टप्पा प्रत्यक्ष प्रवासाचा नसे. तो बोट सोडण्याचा असे. कोकणच्या बहुतेक बंदरांत मोठ्या बोटीला लागण्याजोगा धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव तिच्या कुशीला येऊन लागत, आणि बायकामुले, वळकट्या, ट्रंका या सर्वांची चढउतार भर पाण्यात होई. पडावातील खलाशी योग्य क्षण हेरून उतारूला हात देई. त्या क्षणाच्या थोडे आधी किंवा थोडे नंतर पाऊल टाकले, तर ते कोठे पडेल याचा भरवसा नसे. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच ठेवावी लागे.

या अनुभवातील तत्त्व साधे आहे. हलणाऱ्या बोटीत मनुष्य तासन् तास सुखरूप राहू शकतो. स्थिर धक्क्यावर तर राहू शकतोच. धोका उत्पन्न होतो तो दोन निरनिराळ्या गतींच्या सीमारेषेवर. मोठी बोट संथपणे झुलते, पडाव तिच्या मानाने चपळपणे वरखाली होतो, आणि मनुष्याचा एक पाय एकीवर व दुसरा दुसऱ्यावर असा एक क्षण अपरिहार्यपणे येतो. भय या सापेक्ष गतीचे असते. एकेकटीच्या गतीचे नव्हे.

कोकणातील ती बोटवाहतूक इतिहासजमा झाली. परंतु तोच प्रश्न निराळ्या स्वरूपात आज युरोपच्या उत्तर समुद्रात रोज सोडवावा लागतो. तेथे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ दररोज नौकेवरून पोलादी शिडीवर पाऊल टाकतात. हे पाऊल सुरक्षित कसे होते, त्यासाठी यंत्रशास्त्राने कोणती साधने निर्माण केली, आणि ती सर्व साधने उपलब्ध असतानाही शेवटचा निर्णय एखाद्या मोजमापावर आणि एखाद्या शब्दावर का अवलंबून राहतो, याचे विवेचन येथे योजिले आहे.

२

समुद्रातील पहिला पवनचक्की-समूह डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे १९९१ साली उभा राहिला. त्यात प्रत्येकी ४५० किलोवॉटच्या अकरा चक्क्या होत्या व त्या किनाऱ्यापासून अवघ्या दोनतीन किलोमीटरांवर होत्या. २०१७ साली तो समूह काढून टाकण्यात आला. दरम्यान या उद्योगाचे स्वरूप पार पालटले होते. २००२ साली डेन्मार्कच्याच पश्चिम किनाऱ्याबाहेर हॉर्न्स रेव्ह येथे ८० चक्क्या सुरू झाल्या. इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर दूर असलेल्या 'हॉर्नसी वन' या समूहात १७४ चक्क्या आहेत व त्यांपैकी प्रत्येकीची क्षमता ७ मेगावॉट आहे.

पवनचक्की हे मनुष्यावाचून चालणारे यंत्र आहे. परंतु मनुष्यावाचून टिकणारे नव्हे. तिचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, तेल व गाळण्या बदलाव्या लागतात, पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा तपासावी लागते. एखादा लहानसा विद्युत्-घटक बिघडला तरी संपूर्ण यंत्र थांबते. अशा प्रत्येक कामासाठी माणसे आत जातात, आणि जितकी जातात तितकी परतही येतात. उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहावा. शंभर चक्क्यांच्या समूहात प्रत्येक चक्कीला वर्षातून दहा भेटी द्याव्या लागल्या व प्रत्येक भेटीत तीन माणसे असली, तर जाण्याची व येण्याची मिळून सहा हजार पावले होतात. हजार पावलांत एक पाऊल चुकते असे गृहीत धरले, तरी वर्षाला सहा माणसे संकटात सापडतील. म्हणून येथे 'बहुधा सुरक्षित' अशा पद्धतीला किंमत नाही. एरवी क्वचित घडणारी चूकही येथे संख्येच्या बळावर निश्चित घटना होऊन बसते.

३

सर्वांत रूढ पद्धत पुढीलप्रमाणे आहे. चक्कीचा पाया पुष्कळदा समुद्रतळात ठोकलेल्या एका प्रचंड पोलादी नळाचा असतो. त्याच्या वरच्या भागावर, उधाणाच्या लाटा सहसा पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर, सज्जासारखा एक मंच असतो. मंचापासून खाली पाण्यापर्यंत दोन जाड उभे नळ समांतर बसविलेले असतात व त्यांच्या मधोमध, किंचित मागच्या बाजूस, शिडी असते. शिडी मागे ठेवण्यात हेतू आहे. नौका नळांवर आदळली तरी तिच्या व शिडीच्या दरम्यान मनुष्याच्या देहापुरती जागा उरावी, हा तो हेतू होय.

तंत्रज्ञांना आणणारी नौका बहुधा जोडकाठीची, म्हणजे दोन समांतर काठ्यांवर एक पाटातन असलेली असते. तिच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, जाड रबराची गादी लावलेली असते. नौका सरळ येऊन ही गादी त्या दोन नळांवर टेकविते व इंजिने पुढच्या दिशेने चालूच ठेवते. नौकेला दोराने बांधीत नाहीत. इंजिनांच्या रेट्यामुळे रबर व पोलाद यांच्यामध्ये जे घर्षण उत्पन्न होते, त्यानेच नाळ जागच्या जागी धरून ठेवली जाते. लाटेमुळे नौकेची मागची बाजू वरखाली होत राहते. परंतु नाळ मात्र बिजागरीसारखी नळांवर स्थिर राहते. सापेक्ष गती ज्या बिंदूपाशी शून्य होते, तेथेच पाऊल टाकायचे, अशी ही युक्ती आहे.

या युक्तीचे बळ व दौर्बल्य दोन्ही घर्षणात आहेत. लाट नाळेला ज्या बळाने वर उचलू किंवा खाली ओढू पाहते, ते बळ घर्षणापेक्षा कमी असेतोवर नाळ हलत नाही. लाटेचे बळ वरचढ झाले की नाळ एकाएकी घसरते व थोडे अंतर जाऊन पुन्हा अडकते. हे घसरणे हळूहळू होत नाही, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. एक क्षण सर्व काही भिंतीसारखे स्थिर असते. पुढच्याच क्षणी पायाखालचे पाटातन मीटरभर खाली गेलेले असते. नळ ओले असले, त्यांवर शेवाळ व कालवे साचली असली, भरतीओहोटीचा प्रवाह नौकेला बाजूने ढकलीत असला, तर घर्षण आणखी घटते.

म्हणून नाळ टेकताच कोणीही पाऊल टाकीत नाही. नौकेचा तांडेल काही लाटा तशाच जाऊ देतो व नाळ घसरते की काय हे पाहतो. पुढच्या पाटातनावर उभा असलेला खलाशी तेच डोळ्यांनी पाहत असतो. तंत्रज्ञाच्या अंगावर थंड पाण्यापासून रक्षण करणारा पोशाख, तरंगते जाकीट व पडण्यापासून सावरणारा पट्टा असतो. वरून सोडलेली, झटका बसताच आपोआप अडकणारी दोरी त्या पट्ट्यात अडकविली जाते. ती नेमकी कोणत्या क्षणी अडकवावी, याविषयीची रीत सर्वत्र एकसारखी नाही, व त्याला कारणही आहे. ती आधी अडकविली, तर पडणारा मनुष्य पाण्यात जात नाही. पण नाळेसमोर लोंबकळत राहण्याचा धोका उरतो. उशिरा अडकविली, तर पाऊल टाकतानाच तो निराधार असतो. एका धोक्याच्या निवारणातून दुसरा धोका कसा उद्भवतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

इशारा मिळताच तंत्रज्ञ दोन्ही हातांनी शिडी धरतो, उडी न मारता पाऊल टाकतो, आणि न थांबता काही पायऱ्या वर जातो. शिडीच्या तळाशी रेंगाळणे सर्वांत घातक. कारण नाळ पुढच्या लाटेबरोबर वर येऊ शकते. उतरताना काम अधिक कठीण असते. तेव्हा मनुष्याची पाठ नौकेकडे असते, दिवसभराच्या श्रमाने तो थकलेला असतो, आणि ज्या पाटातनावर पाय टेकायचा ते त्याला दिसत नाही. अशा वेळी तो खलाशाच्या डोळ्यांनी पाहतो व खलाशाच्या शब्दावर चालतो. उत्तर समुद्राचे पाणी हिवाळ्यात इतके थंड असते, की त्यात अकस्मात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या एकदोन मिनिटांतच अनावर होतो. पोहता येणाऱ्यालाही ही पहिली मिनिटे प्राणघातक ठरू शकतात.

४

या पद्धतीने चढउतार कोठवर करावी, याची मर्यादा बहुधा 'लाटांची लक्षणीय उंची दीड मीटर' अशा शब्दांत सांगतात. ही संज्ञा नीट समजून घेणे अवश्य आहे. कारण ऐकणाऱ्याचा तिच्याविषयी हमखास गैरसमज होतो. लक्षणीय उंची म्हणजे सर्वांत मोठ्या लाटेची उंची नव्हे, आणि सर्व लाटांची सरासरीही नव्हे. ठरावीक काळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटा निवडून त्यांची जी सरासरी काढतात, ती लक्षणीय उंची होय.

या संज्ञेचा जन्म मोठा उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना लहान नौकांतून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरविण्यासाठी लाटांचे पूर्वानुमान हवे होते. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेतील हाराल्ड स्व्हेर्द्रूप व वॉल्टर मुंक यांनी ते काम केले व ते १९४७ साली प्रसिद्ध झाले. उपकरणाने काढलेली सरासरी उंची आणि अनुभवी नावाड्याने नुसत्या नजरेने सांगितलेली उंची यांचा मेळ बसत नव्हता. नावाडी नेहमी अधिक सांगत. कारण मनुष्याचे लक्ष लहान लाटांकडे जात नाही. तेव्हा नावाड्याच्या शब्दाशी जुळेल अशी व्याख्या करण्यात आली. सारांश, आज ज्या आकड्याला आपण वस्तुनिष्ठ मोजमाप समजतो, तो मुळात समुद्राविषयी बोलण्याच्या मानवी रीतीचे गणिती रूपांतर आहे.

व्यवहारात याचा परिणाम काय होतो? लाटांच्या उंचीच्या नेहमीच्या सांख्यिकी नियमानुसार दर सात लाटांमागे सुमारे एक लाट लक्षणीय उंचीहून मोठी असते, आणि हजार लाटांमध्ये सर्वांत मोठी लाट तिच्या जवळजवळ १·९ पट भरते. म्हणजे फलकावर 'दीड मीटर' लिहिलेले असेल त्या दिवशी सुमारे पावणेतीन मीटरांची लाट अपवादात्मक नव्हे, तर अपेक्षित आहे. दर सहा सेकंदांना एक लाट आली तर हजार लाटा शंभर मिनिटांत येतात. शिवाय उंची सारखीच असली तरी लाटेचा कालावधी, दिशा व प्रवाह बदलले की नौकेचे वर्तन बदलते. एका नौकेला जी लाट झुलविते तीच दुसऱ्या लांबीच्या नौकेला आदळविते.

म्हणून मर्यादेच्या आत असणे याचा अर्थ 'पाऊल टाका' असा होत नाही. त्याचा अर्थ 'पाऊल टाकावे की नाही याचा विचार करण्यास आता हरकत नाही', एवढाच होतो. आकडा बंदरातून निघावे की निघू नये हे ठरवितो. शिडीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा निर्णय तो घेत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होणे, हा या क्षेत्रातील सर्वांत सूक्ष्म धोका आहे.

५

माणसाइतकाच त्याच्या सामानाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिला नियम असा, की शिडीवर चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत व त्याच्या पाठीवर बोजा असता कामा नये. हत्यारांच्या पिशव्या, तेलाचे डबे, सुटे भाग हे सर्व मंचावरील लहान क्रेनने वेगळे वर घेतात. मंचावर आधी पोहोचलेला तंत्रज्ञ क्रेन चालवितो व पाटातनावरील खलाशी सामान अडकवितो.

येथेही सापेक्ष गतीचाच प्रश्न आहे. क्रेन स्थिर आहे, सामान मात्र हलत्या पाटातनावर आहे. नौका खाली जात असताना दोर ताठ झाला, तर क्रेनला ओझ्याच्या वजनाहून कितीतरी मोठा झटका बसतो. ओझे उचलल्यावर नौका पुन्हा वर आली, तर पाटातन त्याला खालून धडक देते. म्हणून पाटातन लाटेच्या माथ्यावर असताना ओझे उचलायचे, म्हणजे नौका आपोआप खाली सरकते व ओझे मोकळे होते. दोर सैल असताना त्याचे वेढे पायाशी येऊ द्यायचे नाहीत, ओझे फिरू नये म्हणून त्याला आवरदोरी बांधायची, आणि लोंबत्या ओझ्याखाली कोणी उभे राहायचे नाही. हे नियम नवे नाहीत. गोदीतील प्रत्येक हमालाला ते ठाऊक असतात. फरक इतकाच, की गोदीत जमीन हलत नाही.

६

किनाऱ्यापासूनचे अंतर वाढले तशी लहान नौकेची पद्धत अपुरी पडू लागली. शंभर किलोमीटर जाण्यात कित्येक तास मोडतात, आणि बोट लागल्यामुळे हैराण झालेला मनुष्य शिडी चढण्यास योग्य राहत नाही. २०१० साली ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेने अधिक उंच लाटांतही चढउतार करता येईल अशा कल्पनांची स्पर्धा जाहीर केली, हे या अडचणीचेच द्योतक होते.

तीवर निघालेला मुख्य उपाय म्हणजे समूहाजवळच राहणारे मोठे जहाज. तंत्रज्ञ त्यावरच वस्तीला असतात. असे जहाज उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ओळखते व अनेक पंख्यांच्या साह्याने चक्कीपासून ठरावीक अंतरावर जागच्या जागी तरंगत राहते. जहाजावरून चक्कीच्या मंचापर्यंत एक पूल, म्हणजे गँगवे, पुढे केला जातो. जहाज सहा प्रकारांनी हलते : वरखाली, पुढेमागे, डावीउजवीकडे, आणि या तीन अक्षांभोवती तीन प्रकारची डोलणी. संवेदक ही सहाही हालचाल क्षणोक्षणी मोजतात, आणि तेलदाबाची यंत्रणा गँगवेला नेमकी विरुद्ध हालचाल देते. परिणामी जहाज झुलते, पण गँगवेचे टोक मंचापाशी स्थिर राहते. तंत्रज्ञ शिडीऐवजी पुलावरून चालत जातो. या पद्धतीने अडीच-तीन मीटर लक्षणीय उंचीच्या लाटांतही काम चालू शकते.

या यंत्रणांपैकी एका प्रसिद्ध यंत्रणेचे नाव भाषाभ्यासकाला आकर्षक वाटावे असे आहे. नेदरलंड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात विकसित झालेली ही यंत्रणा 'आम्पेलमान' या नावाने ओळखली जाते व तिची कंपनी २००८ साली स्थापन झाली. तिची कल्पना २००२ साली बर्लिन येथील एका परिषदेच्या वेळी सुचली. पूर्व बर्लिनच्या रस्त्यांवर पादचाऱ्यांसाठी असलेल्या सिग्नलमधील टोपीवाल्या माणसाच्या आकृतीला जर्मन लोक लाडाने 'आम्पेलमेन्शेन' म्हणतात. कार्ल पेग्लाऊ यांनी ती आकृती १९६१ साली रेखाटली. समुद्रातील चढउतार रस्ता ओलांडण्याइतकी सोपी व्हावी, ही आकांक्षा त्या नावात आहे. यंत्रणेचा गाभा म्हणजे सहा पायांचा हलता चौथरा. त्याची रचना विमानचालकांच्या शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या नकली विमानकक्षांत पूर्वीपासून होती. तेथे स्थिर जमिनीवरील माणसाला हलविण्यासाठी जी रचना होती, तीच येथे हलत्या जहाजावरील माणसाला स्थिर ठेवण्यासाठी उलटी योजिली आहे.

आणखी दोन मार्ग उल्लेखनीय आहेत. हेलिकॉप्टरमधून चक्कीच्या माथ्यावरील लहान मंचावर दोराने माणूस उतरवितात. त्यासाठी पाती थांबवून जखडावी लागतात, आणि हवेत घर्षणाने साचलेली वीज प्रथम वाहून जाऊ द्यावी लागते. दुसरा मार्ग स्कॉटलंडमध्ये विकसित झाला. त्यात मंचावरील उचलयंत्र लेसर किरणाने खालच्या पाटातनाची हालचाल मोजते व दोर त्या हालचालीबरोबर खालीवर सोडते. योग्य क्षणी ते तंत्रज्ञाला पाटातनावरून सरळ वर उचलते. शिडीच्या तळाशी असलेले ते धोक्याचे क्षेत्रच या रीतीने टाळले जाते.

तथापि ही सर्व यंत्रे धोका नाहीसा करीत नाहीत. त्याची जागा बदलतात. गँगवेच्या तेलदाबाला मर्यादा आहे, जहाजाच्या पंख्यांना मर्यादा आहे, आणि ती ओलांडली जाण्याचा संभव दिसताच पुलावरील माणसांनी तत्काळ बाजूला झाले पाहिजे. स्कॉटलंडजवळ २०१७ साली सुरू झालेल्या 'हायविंड'सारख्या तरंगत्या चक्क्यांच्या बाबतीत तर दोन्ही बाजू हलत्या असतात. पडाव आणि आगबोट यांचीच स्थिती तेथे पुन्हा येते.

७

आता भाषेचा प्रश्न. पाऊल टाकण्याचा क्षण येतो तेव्हा वारा, इंजिने व लाटा यांच्या गदारोळात तीन माणसांचे एकमत व्हावे लागते : तांडेल, खलाशी व तंत्रज्ञ. त्यांच्या मातृभाषा पुष्कळदा भिन्न असतात. शिवाय त्यांचे व्यवसायही भिन्न आहेत. खलाशाचे शब्द समुद्राचे, तंत्रज्ञाचे कारखान्याचे. कायद्यालाही या तंत्रज्ञाला काय म्हणावे हे दीर्घकाळ सुचले नव्हते. जहाजावरील मनुष्य एकतर खलाशी असे किंवा उतारू. तंत्रज्ञ दोहोंत बसत नव्हता. बारांहून अधिक उतारू घेतले की नौकेला प्रवासी जहाजाचे नियम लागू होत, म्हणून कित्येक नौका बारा जणांनाच घेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 'औद्योगिक कर्मचारी' असा तिसरा वर्ग मानून केलेली संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्या वर्गातील माणसाला सुरक्षित चढउतारीचे शिक्षण मिळालेले असले पाहिजे, ही अपेक्षा तीत अनुस्यूत आहे. नवा शब्द केवळ नाव देत नाही. तो कर्तव्य व हक्क उत्पन्न करतो, याचे हे प्रत्यंतर होय.

याच संघटनेने २००१ साली समुद्रावरील संभाषणासाठी प्रमाण वाक्प्रयोगांचा संग्रह स्वीकारला. त्यात संदेशाच्या आरंभी तो सूचना आहे, सल्ला आहे, इशारा आहे की प्रश्न आहे, हे सांगणारे शब्द योजण्याची सोय आहे. परवानगी, शक्यता व सामर्थ्य यांची गल्लत करणारी इंग्रजी साहाय्यक क्रियापदे संदिग्ध म्हणून टाळावीत, असेही त्यात सांगितले आहे. मराठीतही हा दोष आहे. 'तुम्ही जाऊ शकता' या वाक्याचा अर्थ 'तुमच्यात ते सामर्थ्य आहे', 'तशी शक्यता आहे' आणि 'तुम्हांला परवानगी आहे' असा तिहेरी होतो. घरात बसून बोलताना संदर्भ हा घोळ निस्तरतो. शिडीसमोर संदर्भाला तेवढा अवकाश नसतो.

नकाराची रचनाही विचारार्ह आहे. इंग्रजीत निषेधवाचक शब्द आधी येतो व क्रियापद नंतर. वाऱ्याने आरंभ हरपला तर उरते ती नेमकी विरुद्ध आज्ञा. मराठीत 'पाऊल टाकू नका' या वाक्यात निषेध शेवटी येतो. शेवट हरपला तर तोच अनर्थ. म्हणून निषेध हा होकाराला 'नको' जोडून व्यक्त करू नये. त्याला स्वतंत्र, आखूड व होकाराशी ध्वनिसाम्य नसलेला शब्द असावा. 'थांबा' हा तसा शब्द आहे. त्याच्या जोडीला हाताची खूण असावी, म्हणजे एक मार्ग बंद पडला तरी दुसरा उघडा राहतो.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने निघालेल्या व्याख्यानांत असे दाखविले, की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात. आणि ती कृती सफल होण्यास बोलणाऱ्याचा अधिकार व प्रसंगाची अनुकूलता लागते. खलाशाचे 'चला' हे असे वाक्य आहे. ते सफल होण्यासाठी तिघांचाही होकार लागतो; विफल करण्यासाठी मात्र कोणाही एकाचे 'थांबा' पुरते. सुव्यवस्थित समूहांत हा अधिकार प्रत्येकाला दिलेला असतो. नवशिक्या तंत्रज्ञानेही 'आज मला बरे वाटत नाही' असे म्हटले तर तेथे वाद संपतो. मौन म्हणजे संमती, हा समाजात रूढ असलेला न्याय येथे उलटा करावा लागतो. येथे मौन म्हणजे नकार.

हा अधिकार कागदावर देणे सोपे, पाटातनावर वापरणे कठीण. बंद चक्की दर तासाला नुकसान करीत असते, नौकेचे भाडे चालू असते, इतर सहकारी आधीच वर गेलेले असतात. अशा वेळी नकार देणाऱ्याला कारणे द्यावी लागली, तर हळूहळू नकारच बंद पडतो.

८

हा प्रश्न दूरदेशीचा नाही, याची साक्ष अरबी समुद्रात आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर भागातील तेलमंचापाशी 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरील एका आचाऱ्याची बोटे कापली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळू शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून मंचावर घेण्याचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन उपलब्ध नसल्याने जहाज वाऱ्याच्या तोंडच्या बाजूला आले. जखमी माणूस मंचावर सुखरूप पोहोचला. परंतु त्यानंतर लाटांनी हेलकावणाऱ्या जहाजाचा वरचा भाग वायूच्या उभ्या नळाला लागला. भडकलेल्या आगीत मंच नष्ट झाला व बावीस माणसे मृत्युमुखी पडली. तेथे हेतू अनुदार नव्हता. उलट तो करुणेचा होता. 'थांबा' म्हणणे सर्वांत कठीण होते ते अशाच प्रसंगी, जेव्हा घाईला चांगले कारण असते.

भारत सरकारने सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली जाहीर केले, आणि गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांबाहेर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी अर्थसाह्याच्या योजनेला जून २०२४ मध्ये मान्यता दिली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चक्क्या उभ्या राहतील तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा त्यांना भोवणार आहेत, आणि त्या नौकांवर गुजराती, मराठी, तमिळ, हिंदी बोलणारी माणसे एकत्र असणार आहेत. गँगवे व उचलयंत्रे विकत घेता येतील. लाटांची मोजमापे उपकरणे देतील. परंतु कोणत्या शब्दाने पाऊल टाकायचे, कोणत्या शब्दाने थांबायचे, आणि तो दुसरा शब्द उच्चारणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही याची हमी कोणी द्यायची, हे येथील माणसांनाच, येथील भाषांत, आधी ठरवावे लागेल.

पडावातील खलाशी उतारूला हात देत असे, तेव्हा त्या हातात नुसता आधार नव्हता. अजून वेळ आली नाही हे सांगण्याचा अधिकारही होता. पावसाळ्यात ती वाहतूक बंद ठेवणाऱ्यांनीही समुद्राला उद्देशून 'थांबा' हाच शब्द उच्चारलेला होता. यंत्रे बदलली, तरी तो शब्द जुना झालेला नाही.